दहाव्याला घार शिवली

भाऊजी,

तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. तुम्हाला हे कळलं असेल किंवा नसेलही, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

बाकी सगळं रीतसर झालं. पवनेच्या घाटावर मांडव घातला, प्रवचन झालं, मग माईक फिरला. ज्यांनी तुम्हाला जन्मभर 'घुबडवाला नाना' म्हणून चिडवलं, त्यांनीच 'थोर पक्षीमित्र' म्हणून श्रद्धांजली वाहिली. एका पुढाऱ्याने तर तुम्ही गरुड वाचवलेत असं ठोकून दिलं. मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं रडतेय.

पिंड ठेवला. शेजारी पानावर तुमच्या आवडीची कांदाभजी, चुलीवरची भाकरी आणि कडक चहा ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे समोरच्या बाभळीवर होते. माना वाकड्या करून बघत होते, पण खाली एक उतरेल तर शपथ. ऊन चढायला लागलं. मग नेहमीचं सुरू झालं, नानांच्या मनात काय राहिलंय, कुणीतरी बोला, शब्द द्या. तेव्हा तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, पुढे झाले. हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दत्तू, पेटी हाय तितंच ऱ्हाईल. कुनी हात लावनार न्हाई. सुखानं जा."

पेटी म्हणजे आपल्या घराच्या मागच्या भिंतीवर, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर, तुम्ही ठोकलेली ती घुबडांची पेटी. लग्न केलं नाहीत, जमिनीचा हिस्सा मागितला नाहीत, मागे ठेवलंत ते एवढंच. आणि दादांना नेमकी ती पेटीच काढून टाकायची होती. घाटावरच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं, आम्हा घरच्यांना होतं. तरी मोठा भाऊ शब्द देतोय म्हटल्यावर मीही हात जोडले.

कावळे उडाले, पण पिंडाकडे नाही. वर एक घार आली होती. तिने एक फेरी मारली, पंख आवळले, खाली झेपावली आणि पानावरची भजी उचलून पलीकडच्या तीराला गेली. जाताना तिचा पंख पिंडाला घासला, मी बघितलं. सगळे गुरुजींच्या तोंडाकडे बघायला लागले. गुरुजी बिचारे चष्मा पुसत म्हणाले, "घार धरत नाहीत. कावळाच लागतो." शेवटी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि आंघोळी उरकल्या. हसायला तुम्हीच तेवढे नव्हतात.

येताना गाडीत वाद. दादांचं म्हणणं सरळ होतं. "कावळा शिवला न्हाई. म्हंजी दत्तूनं सबूद घेतला न्हाई. त्यानं घेतला न्हाई, तर मी कशाला बांधला जातोय?" आपला महेश गाडी चालवत होता. तो म्हणाला, "पण बाबा, घार शिवली ना? काकांच्या बाबतीत घारच धरायची. कावळ्यांशी त्यांचं काय देणंघेणं?" त्यावर दादा म्हणाले, "गुरुजी काय येडं हाय का?" 

सगळं अडलं होतं ते सुप्रियापाशी. सुनेला सातवा लागलेला, म्हणून तिला घाटावर नेलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी शिरगावला व्हायचं, ते ठरलेलंच. पण तेराव्याला विहीणबाई आल्या, जेवल्या, आणि मागच्या दारी हात धुताना पेटीकडे बघून माझ्यापाशी स्पष्ट बोलल्या. "इहीनबाई, राग मानू नका. नाना गेलं तवा घुबाड घरावर बसल्यालं व्हतं, समद्या गावानं बघितलं. बाळातपन मी करते, पर त्या पेटीखाली माजं नातवंड यायचं न्हाई. पेटी काडा, मग लेक आन् बाळ धाडते." तेवढ्यात पेटीतल्या पिल्लांनी सुरू केलं, कुकरची रिंग नीट न बसल्यावर येतो तसला फुसफुसाट. विहीणबाईंनी मला गॅस बघून यायला सांगितलं.

तर असं होतं. पेटी काढली तर आतली पिल्लं जाणार आणि पुन्हा त्या भिंतीवर घुबड दिसणार नाही. ठेवली तर नातवंड घरात येणार नाही. दादा म्हणाले, उद्याच काढतो.

तुम्हाला हा नाद लागला आपला गोठा पाडला तेव्हा. गुरं केव्हाच विकलेली, स्लॅबचं घर बांधायचं, कंपनीतल्या मुलांना खोल्या भाड्याने द्यायच्या, असा सगळा बेत होता. जेसीबीच्या एका धक्क्यात माळा खाली आला आणि पेंढ्याबरोबर अंडीही. वर उरलेल्या भिंतीवर ते पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड भर उन्हात बसून राहिलं. कावळे टोचत होते तरी हलेना. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. म्हणालात, "वैनी, आपलं घर बांधाया आपन तिचं पाडलं." मी म्हटलं, घुबडाला घरांना काय तोटा, जेवून घ्या. त्यावर तुम्ही मलाच विचारलंत, "कुटं हायेत ती घरं? गावात एक गोठा ऱ्हायला न्हाई, एक पोकळ झाड न्हाई. समदा स्लॅब." मी ताट झाकून ठेवलं.

मग मी एकदा बोलून गेले आणि फसले. माझं माहेर लोणावळ्याच्या तुंगार्लीचं, वडील एका बंगल्यावर रखवालदार. मालक कधीमधी यायचे, बाकी बंगला बंद, आणि गच्चीवर टाकीशेजारच्या खोलीत घुबडं. आम्हा मुलांना त्यांची भीतीही नव्हती आणि कौतुकही नव्हतं, शेजारी असावेत तशी ती होती. हे ऐकल्यावर तुम्ही रविवारी मला माहेरी घेऊन गेलात. नाव माझं, जायचं तुम्हाला. आता त्या बंगल्यावर माझा भाऊ असतो. तो म्हणाला, "ताई, लोक लोणावळ्याला चिक्की न्यायला येतात, तुझे दीर घुबडं बघायला?" तुम्ही त्या खोलीत पालथे पडून टॉर्च मारलात. जमिनीवर काळे गोळे पसरले होते, उंदरांच्या हाडाकेसांचे, घुबडं ओकतात ते. त्याच घाणीवर अंडी घातलेली. बाहेर आलात तेव्हा केसांत जळमटं आणि चेहरा नवरदेवासारखा. इतक्या मुली दाखवल्या, तेव्हा तो चेहरा कधी दिसला नव्हता.

तळेगावच्या कंपनीत तुम्ही पॅकिंगला. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्यात आणि पेटी केलीत. काम चोख, ते मी तेव्हाही म्हटलं होतं. फळीवरचा वर जाणारा बाण आणि फुटक्या ग्लासाचं चित्र तसंच राहिलं, ते अजून आहे. पण पुढे तुमची अक्कल गेली गवत खायला. महेशच्या वेळी सासूबाईंनी माझ्या खोलीत जे जे केलं, ते तुम्हाला आठवत होतं. तुम्ही माझ्या जुन्या लुगड्याची मऊ घडी पेटीत अंथरलीत, आणि शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून आत धुरी दिलीत. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणालात, "बाळातीन यायची हाय."

घुबडाने त्या वर्षी पेटीकडे ढुंकून पाहिलं नाही. येणार कसं? माझ्या स्वयंपाकघरात पावसाळाभर ओव्याचा वास होता. दुसऱ्या वर्षी मीच लुगडं काढून फेकलं आणि म्हटलं, त्यांना घाण लागते, घाण आणा. तुम्ही तुंगार्लीला गेलात आणि ते काळे गोळे चिक्कीच्या खोक्यात भरून एसटीने आणलेत. शेजारच्या बाईने विचारलं म्हणे, कुठल्या दुकानातली, आम्हाला पण घ्यायचीय. तुम्ही तिला पत्ता सांगितलात. त्या हिवाळ्यात घुबड आलं.

त्यानंतर तुम्ही पुष्कळ पेट्या केल्यात. सोमाटण्याहून लोखंडी खांब करून आणायचात, लोकांच्या बांधावर स्वतः खड्डे खणायचात. काही पेट्यांत घुबडं आली, काहींत गांधीलमाश्या, एकीत नुसताच सरडा. घारींसाठी म्हणून निलगिरीवर ठेवलेली टोपली घारीने नाही, वादळाने नेली. आपल्या दोघांचं भांडण मात्र घरच्या पेटीवरून, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, ही पण शेतात लावा. भाताला उंदीर लागतो, घुबडाचं पोट तिथे आहे, आणि घरावर घुबड बसवलंत तर गाव बोलायचं राहील का? तुमचं म्हणणं, ज्याचं घर जिथं पाडलं, त्याला तिथंच द्यायचं. "भाडेकरू काडला तर त्याला शेतात न्हेऊन घालता व्हय, वैनी?" यावरून तुम्ही अबोला धरायचात. मी समोर उभी असताना महेशला सांगायचात, तुझ्या आईला म्हणावं चहा ठेव. मी महेशला सांगायची, काकाला म्हणावं दूध संपलंय. माझं अजूनही मत शेताचंच आहे, तुम्ही गेलात म्हणून ते बदललेलं नाही.

मग तुम्ही झिजायला लागलात. डॉक्टरांनी पोटातल्या दुखण्याचं नाव सांगितलं, तुम्ही ते घरात कुणाला उच्चारू दिलं नाहीत. गावाला मात्र नावाची गरज नव्हती, दुखण्याचं कारण त्याला आधीच माहीत होतं. घुबडाला दगड मारला की ते तो झेलून नदीवर नेतं आणि पाण्यात घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. भेटायला येणारी माणसं उशाशी बसून बेधडक विचारायची, "नाना, ल्हानपनी कदी दगूड मारला व्हता का?" तुम्ही हसायचात. "माजा न्येम कुटला? मला कदी कैरी पाडता आली न्हाई." मग तेही हसायचे. दादा अशा वेळी उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, भावाची दशा बघवत नाही म्हणून जातात.

शेवटी तुमची खाट मागच्या खोलीत हलवायला लावलीत, पेटीतलं ऐकू यावं म्हणून. दिवेलागणीला मादी बाहेर पडली की "गेली" म्हणायचात, परतली की "आली". मी पेजेचा चमचा हातात घेऊन थांबलेली असायची. तेव्हा एक सांगायचं होतं, ते राहिलं. तुमचे दादा चांगले आहेत, पण ते भांडत नाहीत, उठून जातात. या घरात मला उलट बोलणारं माणूस तुम्हीच होतात. त्यावर माझी इतकी वर्षं बरी गेली. हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी वाकडं बोलला असतात, म्हणून नाही सांगितलं. आता घरात फार शांतता असते, आणि मला ती आवडत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी शिडी आणून मागच्या भिंतीला लावली. मी चहा घेऊन गेले तर ते खालीच उभे. मी म्हटलं, "आत पिल्लं आहेत, माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय."

"मग?"

ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. चहा घेतला नाही. "दगूड मी मारलावता," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही कुठला दगड. मग ते खाली बघत बोलायला लागले. लग्न झाल्यापासून हा माणूस एका दमात इतकं बोललेला मला आठवत नाही. "गोठ्यात. आमी दोगं बी बारकं व्हतो. माळ्यावर बसल्यालं व्हतं. दत्तू माज्या शेजारी. न्येम बरूबर लागला, पर दगूड खाली आलाच न्हाई. लय हुडाकला. पेंड्यात बगितलं, गव्हानीत बगितलं. न्हाई घावला. म्हंजी त्यानं न्हेला." मग म्हणाले, "मारला मी. झिजायचं मी. दत्तूला का लागलं? माज्या वाटचं त्याच्यावर गेलं. आन् आता त्या पोरीच्या पोटात..." 

मी बघत राहिले. बाजार समितीत आडत्याला घाम फोडणारा माणूस, आणि इतकी वर्षं पोटात हे घेऊन फिरत होता. तुम्ही आजारी पडल्यापासून तर रोज. पेटीवर त्यांचा राग नव्हताच, विहीणबाईंचंही निमित्त होतं. ते भ्यायले होते. भावाला आपण मारलं असं त्यांना वाटत होतं, आणि आता नातवंडाची पाळी.

भाऊजी, तुम्ही त्या गोठ्यात शेजारी उभे होतात. तुम्हाला ठाऊक होतं दगड कुणी मारला. लोक तो प्रश्न विचारायचे तेव्हा तुम्ही स्वतःच्या नेमावर विनोद करायचात, दादांचं नाव कधी घेतलं नाहीत. ते उठून बाहेर जाताना तुम्हाला दिसत नव्हतं, हे मी मानायला तयार नाही. एकदा हाक मारून म्हणायचं होतं, दादा, तसलं काही नसतं रे. तेवढ्यावर भागलं असतं. बोललात तर त्यांच्या मनात ते आहे हे उघडं पडेल, अशी भीती वाटली का? की तुमच्याही मनात कुठेतरी तेच होतं? पेटीला धुरी देणारे तुम्ही, तुमचा काय भरवसा! हे मला आता कधीच कळणार नाही, आणि याचा मला राग आहे.

तर मग मी खोटं बोलले. म्हटलं, "दगड सापडला होता."

"कुनाला?"

"भाऊजींना. पेंढ्यात. तुम्ही गुरं पाण्यावर नेलीत तेव्हा. तुमची गंमत करायची म्हणून सांगितलं नाही, मग विसरून गेले. आजारपणात मला म्हणाले, एकदा दादाला सांगाय पायजे."

"मग सांगितलं का न्हाई?"

"राहून गेलं असेल. शेवटी शेवटी शुद्ध कुठे असायची त्यांना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. भात घेणारा व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो, तसे. "कसला व्हता दगूड?" त्यांनी विचारलं.

इथे मी अडकणार होते. "मी काय बघितलाय? दगडासारखा दगड."

"हिरवट व्हता," ते म्हणाले. "नदीतला."

"असेल."

वर पेटीत पिल्लांची खुडबूड चालली होती. तिकडे मान वर करून त्यांनी विचारलं, "सांगताना दत्तू रागावला व्हता का हसत व्हता?"

"हसत होते," मी म्हटलं. "खोकला येईपर्यंत हसत होते."

दादांनी तोंड फिरवलं. तुम्ही गेलात तेव्हा, चितेपाशी, घाटावर, कुठेच ते रडले नव्हते. तिथे शिडीवर बसून लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मलाही आवरलं नाही. मग त्यांनी निवलेला चहा एका घोटात घेतला, शिडी उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली.

शिरगावला ते आपण होऊन गेले. महेशने सांगितलं, विहीणबाईंना म्हणाले, "पेटी माज्या भावाची हाय, ती ऱ्हाईल. नातवाला काय झालं तर मला इचारा." विहीणबाई दोन दिवस घुश्शात होत्या. मग निरोप आला, पाळणा पुढच्या खोलीत टांगणार असाल तर धाडते. सोबत पेटीखाली बांधायला लिंबू-मिरची पाठवली. मी बांधली. तुमच्या घुबडांना आता कुणाची दृष्ट लागायची नाही.

पिल्लं उडाली. आधी भिंतीवर चालायला शिकली, मग आंब्यावर, आणि आता शेताकडे जातात. दादा बघायला उभे राहतात. पहिल्यांदा एक धपकन खाली पडलं तेव्हा इतक्या घाईने धावले की चप्पल राहिली. सुप्रिया माहेरी गेलीय, आजउद्या बाळाचं कळेल.

आता तुमच्याकडे एक काम आहे. दादांची तिकडे यायची एवढ्यात काही घाई नाही, आणि मी येऊ द्यायची नाही. पण कधीतरी येतीलच, आणि आल्या आल्या पहिलं दगडाचं विचारतील, मी ओळखते त्यांना. तेव्हा खऱ्याखोट्याचा वाद घालत बसू नका. दगड हिरवट होता, नदीतला होता, पेंढ्यात सापडला, आणि मला सांगताना तुम्ही हसत होतात. एवढं लक्षात ठेवा, भाऊजी, आणि या एका बाबतीत तरी माझ्या बाजूने बोला.